झाकली मूठ: पूर्व जर्मनीचं राज्य कसं कोसळलं (१९७१ ते १९९०)

३१ ऑक्टोबर १९८९ रोजी पूर्व बर्लिनमध्ये सत्ताधारी पक्षाच्या पॉलिटब्युरोपुढे, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च निर्णयमंडळापुढे, एक अहवाल आला. तो पाच जणांनी मिळून तयार केला होता आणि त्यांचे म्होरके होते नियोजन आयोगाचे प्रमुख गेरहार्ड श्युरर. अहवाल सांगत होता की पाश्चात्त्य चलनातलं देशाचं कर्ज वर्षअखेर ४९ अब्ज पश्चिम मार्कांवर (पश्चिम जर्मनीचं चलन) जाईल. ते कमी करणं दूरच, नुसतं आहे तिथे थोपवायचं म्हटलं तरी पुढच्या वर्षी लोकांचं राहणीमान २५ ते ३० टक्क्यांनी खाली आणावं लागेल, आणि तसं केलं तर देशावर राज्य करता येणार नाही. नऊ दिवसांनी बर्लिनची भिंत उघडली. आणखी अकरा महिन्यांनी ते राज्यच उरलं नाही.

भिंतीवर चढलेल्या तरुणांचं चित्र जगभर पोचलं, हा अहवाल मात्र इतिहासाच्या अभ्यासकांपुरता राहिला. मला हे प्रकरण अहवालाच्या बाजूने समजून घ्यावंसं वाटतं. रस्त्यावर आलेल्या माणसांचं धैर्य मोठं होतं, पण समोरच्या सत्तेचे हात का लुळे पडले, याचं उत्तर हिशेबाच्या वह्यांत आहे. पुढे सत्तेच्या पदांवरच्या लोकांची नावं दिली आहेत. बाकीची माणसं त्यांच्या कामावरूनच ओळखावीत.

पार्श्वभूमी

जर्मन लोकशाही प्रजासत्ताक, म्हणजे आपण ज्याला पूर्व जर्मनी म्हणतो ते राज्य, ७ ऑक्टोबर १९४९ रोजी सोव्हिएत ताब्यातल्या प्रदेशात उभं राहिलं. सत्ता समाजवादी एकता पक्षाकडे. इतर कम्युनिस्ट देशांना नव्हती अशी एक अडचण या राज्याला जन्मापासून होती. शेजारी त्याच भाषेचं, त्याच आडनावांचं, जास्त श्रीमंत राज्य होतं आणि ते पूर्वेकडच्या प्रत्येक माणसाला आपला नागरिक मानत होतं. पोलंडचा माणूस वैतागला तर पोलंडमध्येच वैतागून राहायचा. पूर्व जर्मनीचा माणूस उठून दुसऱ्या जर्मनीत जाऊ शकत होता. १९४९ ते १९६१ या काळात असे सुमारे २७ लाख लोक गेले. त्यांत डॉक्टर, इंजिनिअर, कुशल कामगार मोठ्या संख्येने होते. १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत उभारली ती ही गळती थांबवायला.

दुसरी आठवण १७ जून १९५३ ची. त्या वर्षी मे महिन्यात सरकारने त्याच पगारात १० टक्के जास्त काम असा फतवा काढला. बांधकाम कामगार रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी देशभर उठाव झाला आणि तो सोव्हिएत रणगाड्यांनी मोडून काढला. पक्षाच्या वरच्या फळीतल्या पिढीच्या मनात हा दिवस कायमचा रुतून बसला. कामगारांच्या खिशाला हात लावला की सत्ता जाते, असा त्यांनी त्याचा अर्थ काढला. शेजारच्या पोलंडने तो पक्का केला. तिथे डिसेंबर १९७० मध्ये अन्नधान्याचे भाव वाढवले आणि पक्षप्रमुख गोमुल्का यांना जावं लागलं. १९७६ ला पुन्हा भाववाढ, पुन्हा दंगे. १९८० ला मांसाच्या भावावरून संप पेटले आणि त्यांतून ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली.

मे १९७१ मध्ये वाल्टर उलब्रिख्ट यांना बाजूला सारून एरिक होनेकर पक्षप्रमुख झाले. उलब्रिख्ट यांनी १९६३ पासून एक नवी आर्थिक व्यवस्था राबवून पाहिली होती. कारखान्यांना नफ्याचा थोडा विचार करू द्यायचा, किमतींना खर्चाशी जोडायचं, असा तो प्रयत्न. तो अडखळत होताच, होनेकर यांच्या काळात तो पूर्ण थांबला. त्याच्या जागी आलेलं सूत्र सामान्य माणसाला मनापासून आवडेल असं होतं: लोकांना आजच चांगलं जगू द्या, समाधानी कामगार जास्त उत्पादन करेल आणि खर्च भरून निघेल. साधा पाव ५ फेनिगला (शंभर फेनिगचा एक मार्क), बर्लिनच्या ट्रामचं तिकीट २० फेनिगला, घरभाडं नाममात्र. १९७३ मध्ये ठरलं की १९९० पर्यंत सुमारे ३० लाख घरं बांधायची किंवा दुरुस्त करायची. पाळणाघरं वाढली, निवृत्तिवेतन वाढलं. पहिली काही वर्षं लोकांना खरोखर बरे दिवस आले, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. त्या काळाबद्दल हळवं होणारे वृद्ध आजही तिथे भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत.

याच सुमारास, १९७२ च्या वसंतात, आणखी एक निर्णय झाला. खासगी किंवा निमसरकारी राहिलेले सुमारे ११ हजार छोटेमोठे उद्योग सरकारने ताब्यात घेतले. हे लोक कपडे, खेळणी, फर्निचर, यंत्रांचे सुटे भाग असा बारीकसारीक माल बनवत होते. ते प्रचंड सरकारी समूहांत विरघळले आणि साध्या वस्तूंची टंचाई कायमची झाली.

अडचण नेमकी कुठे होती

भाव गोठवले की खर्च गोठत नाही. कच्च्या मालाच्या किमती चढत राहिल्या, पावाचा भाव तोच राहिला आणि मधली दरी दरवर्षी सरकारी तिजोरीतून भरली गेली. पाव धान्यापेक्षा स्वस्त पडत असल्यामुळे लोक तो सशांना आणि डुकरांना घालू लागले. घरच्या बागेतली भाजी, फळं किंवा अंडी सरकारी खरेदी केंद्रावर चांगल्या दराने विकायची आणि तोच माल दुकानातून कमी दराने परत आणायचा, असाही उद्योग चालायचा. माणसं लबाड होती म्हणून हे घडलं नाही. किंमत खरं बोलेनाशी झाली की शहाणा माणूस असाच वागतो.

दुकानांतला माल आणि कारखान्यांतली यंत्रं बाहेरून आणायला डॉलर आणि पश्चिम मार्क लागत. सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य बँकांकडे पैसा भरपूर होता, म्हणून कर्ज सहज मिळालं. ऋण काढून सण करायची सवय लागली. फेडीचा आधार होतं सोव्हिएत तेल. मॉस्को वर्षाला १ कोटी ९० लाख टन तेल सवलतीत पुरवत होतं. पूर्व जर्मनी ते शुद्ध करून त्यातला काही भाग पश्चिमेला पश्चिम मार्कांत विकत असे.

१९८१ च्या शरदात सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी कळवलं की पुढल्या वर्षापासून १ कोटी ७० लाख टनच मिळेल. सोव्हिएत संघ स्वतःच अडचणीत होता. होनेकर यांनी उलट लिहिलं की या कपातीने आमच्या राज्याच्या अस्तित्वाचा पायाच खिळखिळा होईल. कपात झालीच. त्याच वेळी पोलंड आणि रुमानियाने हप्ते थकवले आणि घाबरलेल्या बँकांनी साऱ्या पूर्व युरोपला कर्ज देणं आखडलं. १९८२ मध्ये पूर्व जर्मनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती.

तिला वाचवलं ते वैचारिक शत्रूने. १९८३ मध्ये बव्हेरियाचे कडवे कम्युनिस्टविरोधी नेते फ्रांझ योझेफ श्ट्राउस यांनी पुढाकार घेऊन १ अब्ज पश्चिम मार्कांचं कर्ज मिळवून दिलं आणि बॉनच्या, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या, सरकारने त्याला हमी दिली. पुढच्या वर्षी आणखी ९५ कोटी. पूर्व जर्मनीच्या बाजूने बोलणी करत होते अलेक्झांडर शाल्क-गोलोदकोव्स्की. परकी चलन मिळवण्यासाठी १९६६ मध्ये काढलेल्या एका गुप्त व्यापारी खात्याचे ते प्रमुख होते. नियोजन आयोगाला या खात्याचे व्यवहार दिसत नसत. शाल्क यांची जबाबदारी वरच्या दोन-तीन माणसांपुरती होती. या खात्याचा उल्लेख शेवटी पुन्हा येईल.

कर्जाच्या मोबदल्यात सीमेवरची आपोआप गोळ्या झाडणारी यंत्रं काढली गेली, देश सोडून जायला थोडी मोकळीक मिळाली. राजकीय कैदी पश्चिमेला पैशांच्या बदल्यात सोडण्याचा व्यवहार तर १९६३ पासून चालू होता. १९८९ पर्यंत ३३ हजारांहून अधिक कैदी असे सुटले. माणसांच्या मोकळेपणाची किंमत लावून राज्य तग धरत होतं, आणि त्यामुळे सत्तेचा दंडुका हळूहळू बॉनच्या पैशांशी बांधला जात होता. हे तेव्हा फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेलाऐवजी लिग्नाइट कोळसा जाळायला सुरुवात झाली. ऐंशीच्या दशकात वर्षाला सुमारे ३० कोटी टन लिग्नाइट खणला जात होता आणि जगात त्यात या छोट्या देशाचा पहिला क्रमांक होता. गावं खाणींत गेली. बिटरफेल्ड भागातली हवा आणि नद्या विषारी झाल्या. तिथून जवळच वोल्फेनला फिल्मचा कारखाना होता. ‘ऑर्वो’ हे नाव आपल्याकडच्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना आणि सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमाच्या श्रेयनामावल्या लक्ष देऊन वाचणाऱ्यांना आठवत असेल. तो रोल याच वोल्फेनचा. रंगीत फिल्मच्या जगात एके काळी पुढे असलेला हा कारखाना जुनाट यंत्रांवर चालत राहिला, कारण नवी यंत्रं घ्यायचा पैसा पावाच्या आणि भाड्याच्या अनुदानात जात होता. राष्ट्रीय उत्पन्नातला उत्पादक गुंतवणुकीचा वाटा १९७० मध्ये १६.१ टक्के होता, १९८८ मध्ये तो ९.९ टक्क्यांवर आला. बियाणं शिजवून खाणाऱ्या शेतकऱ्याचं दुसऱ्या वर्षी जे होतं, तेच इथे सावकाश होत होतं.

जो पैसा उरला तो सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्समध्ये ओतला गेला. पाश्चात्त्य देशांची निर्यातबंदी असल्यामुळे सगळं घरीच बनवायचं ठरलं. १२ सप्टेंबर १९८८ ला येनाच्या कार्ल झाइस कारखान्याने एक मेगाबिट चिपचा नमुना होनेकर यांना समारंभपूर्वक दिला. प्रत्यक्षात त्याआधीच्या पिढीची २५६ किलोबिटची एक चिप बनवायला ५३४ मार्क खर्च येत होता आणि जागतिक बाजारात ती ४-५ पश्चिम मार्कांना मिळत होती. पूर्वेकडचा मार्क कितीतरी हलका होता हे धरलं, तरी ही दरी बुजण्यासारखी नव्हती.

समोरचे पर्याय: एप्रिल १९८८

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण नोव्हेंबर १९८९ चा नाही, एप्रिल १९८८ चा आहे. त्या महिन्यात श्युरर यांनी होनेकर यांना एक टिपण दिलं. त्यातली सूचना क्रांतिकारी नव्हती. काही वस्तूंवरची अनुदानं कमी करा, चिपवरचा खर्च आवरा आणि तो पैसा यंत्रनिर्मितीकडे वळवा. यंत्रं बनवण्यात या देशाचा हात खरोखर बसलेला होता आणि ती बाहेर विकली जात होती.

होनेकर यांनी ते टिपण अर्थव्यवहाराचे सर्वेसर्वा ग्युंटर मिटाग यांच्याकडे पाठवलं. म्हणजे ज्यांच्या धोरणावर टीका होती, त्यांच्याकडेच. मिटाग यांनी उत्तर दिलं की या सूचना पक्षाच्या अधिवेशनांनी घेतलेल्या निर्णयांवर शंका घेतात. आकड्यांना आकड्यांनी उत्तर मिळालं नाही, निष्ठेचा प्रश्न काढला गेला. मे महिन्यात पॉलिटब्युरोने मिटाग यांची बाजू उचलून धरली आणि विषय मिटला.

त्या वेळी आणखी कोणते रस्ते होते? मॉस्कोत १९८५ पासून गोर्बाचेव्ह होते आणि त्यांच्यासारखं थोडं मोकळं होता आलं असतं. पण १९८७ मध्ये पक्षाचे विचारवंत कुर्ट हागर यांनी एका मुलाखतीत विचारलं होतं की शेजाऱ्याने घरातला भिंतीचा कागद बदलला म्हणून आपणही बदलायचा का? या नकारामागे निव्वळ हट्ट नव्हता. पोलंडमधून साम्यवाद वजा केला तरी पोलंड उरतो. पूर्व जर्मनीतून तो वजा केला तर दोन जर्मन राज्यं कशासाठी, या प्रश्नाला उत्तर उरत नव्हतं. बॉनशी आणखी मोठा आर्थिक सौदा करणं हा दुसरा रस्ता होता, त्याची किंमत राजकीय असणार हे उघड होतं. तिसरा रस्ता म्हणजे आहे तसं चालू ठेवायचं, आणि तोच निवडला गेला.

श्युरर यांनी नंतर सांगितलं आहे की १९८९ च्या सुरुवातीला त्यांनी पॉलिटब्युरोतले तुलनेने तरुण नेते एगॉन क्रेन्झ यांना होनेकर यांच्या जागी येण्याबद्दल सुचवलं होतं. ज्यांनी आपल्याला घडवलं त्यांना पाडणं क्रेन्झ यांना जमलं नाही. माणूस म्हणून ते समजू शकतं. पण ज्या राज्यात सत्ताबदलाचा कायदेशीर मार्गच नसतो, तिथे धोरणबदलालाही कुणाच्या तरी विश्वासघाताची वाट पाहावी लागते.

घडत गेलं ते

नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘स्पुटनिक’ या सोव्हिएत मासिकाचं वितरण बंद झालं. चाळीस वर्षं सोव्हिएत संघाकडून शिका असं सांगणाऱ्या पक्षाने सोव्हिएत मासिकच बंद केलेलं पाहून पक्षाचे निष्ठावंतही दुखावले. ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत ९८.८५ टक्के लोकांनी सरकारी यादीला मत दिल्याचं जाहीर झालं. या वेळी मात्र चर्चशी जोडलेल्या गटांतले कार्यकर्ते मतमोजणीच्या खोल्यांत जाऊन उभे राहिले होते. त्यांनी विरोधी मतं स्वतः मोजली, बेरीज केली आणि जाहीर आकडा खोटा असल्याचं दाखवून दिलं. खोटेपणा सगळ्यांना माहीत होताच, तो पहिल्यांदा लेखी पुराव्यासह समोर आला. निवडणूक आयोगाचे प्रमुख होते तेच क्रेन्झ.

उन्हाळ्यात गळती पुन्हा सुरू झाली. २ मे पासून हंगेरी ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं काटेरी कुंपण काढत होती. १९ ऑगस्टला शोप्रोनजवळच्या एका सहलीच्या कार्यक्रमात सहाशेहून अधिक पूर्व जर्मन लोक पलीकडे पळाले आणि ११ सप्टेंबरपासून हंगेरीने त्यांना सीमा खुली केली. हंगेरीवरही पाश्चात्त्य कर्जाचा डोंगर होता. मित्रराष्ट्राशी केलेल्या करारापेक्षा तिला पश्चिमेची मर्जी महत्त्वाची वाटली. या निर्णायक आठवड्यांत होनेकर शस्त्रक्रियेमुळे अंथरुणावर होते आणि त्यांचं काम मिटाग पाहत होते. म्हणजे खरं तर कुणीच काही ठरवत नव्हतं.

९ ऑक्टोबरचा सोमवार. लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून सोमवारी संध्याकाळी शांततेसाठी प्रार्थना होत असे. त्या दिवशी शहरात हजारो पोलीस, सैनिक आणि पक्षाची सशस्त्र कामगार पथकं तैनात होती. रुग्णालयांत रक्ताचा साठा केल्याची बातमी कानोकानी पसरली होती. तीन दिवसांपूर्वी स्थानिक वृत्तपत्रात कामगार पथकाच्या एका कमांडरच्या नावे पत्र छापलं गेलं होतं, की गरज पडली तर हातात शस्त्र घेऊन आम्ही समाजवादाचं रक्षण करू. जूनमधल्या बीजिंगच्या कत्तलीचं पूर्व जर्मनीच्या संसदेने समर्थन केलेलं होतं, त्यामुळे या पत्राचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

तरी ७० हजार माणसं आली. वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट माझूर, एक धर्मशास्त्रज्ञ, एक विनोदी कलाकार आणि पक्षाचे तीन जिल्हा सचिव अशा सहा जणांनी संयमाचं आवाहन केलं आणि ते शहरभरच्या ध्वनिवर्धकांवरून ऐकू गेलं. जिल्ह्यातल्या पक्षाची सूत्रं तेव्हा एका प्रभारी सचिवाकडे होती. त्याने बर्लिनला फोन लावला. क्रेन्झ यांनी विचारून कळवतो असं सांगितलं. उत्तर येईना आणि गर्दी स्थानकाजवळ पोचली. या माणसाने पथकांना मागे घ्यायला, फक्त बचावाची भूमिका घ्यायला सांगितलं. मोर्चा शहराला वळसा घालून शांतपणे विसर्जित झाला, त्यानंतर बर्लिनचा फोन आला की निर्णय बरोबर आहे.

गोळी का चालली नाही? संख्या अपेक्षेपेक्षा फार मोठी होती, आणि पथकांतल्या कामगारांचीच मुलं-बायका समोर असण्याची शक्यता होती. देशातल्या तीन लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिकांना बराकींत राहायचा हुकूम होता, म्हणजे १९५३ चे रणगाडे या वेळी येणार नव्हते. आणि रक्त सांडलं असतं तर दुसऱ्या दिवशी पश्चिमेचं कर्ज थांबलं असतं. हा शेवटचा विचार त्या संध्याकाळी त्या प्रभारी सचिवाच्या मनात होता असं मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे ७० हजार माणसं होती आणि फोन मुका होता. पण बर्लिनमध्ये जे गप्प बसले होते, त्यांना तो नक्की ठाऊक होता.

१७ ऑक्टोबरला पॉलिटब्युरोने होनेकर यांना काढलं. ठरावाच्या बाजूने त्यांनी स्वतःही हात वर केला. क्रेन्झ आले आणि त्यांनी श्युरर यांना सांगितलं की खरी परिस्थिती कागदावर मांडा. सुरुवातीला सांगितलेला अहवाल तो हाच. त्याच्या मसुद्यात एक धक्कादायक सूचना होती: नव्या कर्जांच्या बदल्यात सीमेची आजची व्यवस्था अनावश्यक ठरवण्याची तयारी पश्चिमेपुढे मांडावी. थोडक्यात, भिंत विकायला काढावी.

१ नोव्हेंबरला क्रेन्झ मॉस्कोत गेले. त्यांनी कर्ज साडेसव्वीस अब्ज डॉलर असल्याचं सांगितलं, तेव्हा गोर्बाचेव्ह यांनी आकडा खरा आहे का असं विचारलं. परिस्थिती इतकी नाजूक असेल याची त्यांना कल्पना नव्हती. त्याच बैठकीत त्यांनी आपला अनुभव सांगितला. आधीचे सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांच्या काळात त्यांना आणि त्यांचे सहकारी रिझकोव्ह यांना अर्थसंकल्पाचे आकडे पाहायचे होते, तर यात नाक खुपसू नका असं उत्तर मिळालं होतं. दोन महासत्तांपैकी एकीच्या पॉलिटब्युरोतल्या माणसाला स्वतःच्या देशाचा हिशेब बंद होता! मॉस्कोकडे द्यायला पैसे नव्हते. ६ नोव्हेंबरला शाल्क बॉनला जाऊन १२-१३ अब्ज पश्चिम मार्क मागून आले. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) हेल्मुट कोल यांनी ८ तारखेला संसदेत अट जाहीर केली: पक्षाने सत्तेची मक्तेदारी सोडावी, मुक्त निवडणुका घ्याव्यात.

९ नोव्हेंबरची हकिगत अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात. चार अधिकाऱ्यांनी परदेश प्रवासाचा नवा नियम लिहिला. तो दुसऱ्या दिवशी पहाटे जाहीर करून व्हिसा कार्यालयांतून शिस्तीत राबवायचा होता. पत्रकार परिषदेत पॉलिटब्युरोतले ग्युंटर शाबोव्स्की यांच्या हाती कागद होता, चर्चेच्या वेळी ते हजर नव्हते. कधीपासून, असं विचारल्यावर त्यांनी चाचपडत सांगितलं: ताबडतोब, विनाविलंब. रात्री बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावर हजारो माणसं जमली. तिथल्या अधिकाऱ्याने वर फोन करून पाहिले. आधी त्याला सर्वांत आरडाओरडा करणाऱ्यांना सोडायला सांगण्यात आलं, त्यांच्या ओळखपत्रांवरच्या फोटोवर शिक्का मारून, म्हणजे परतीचा रस्ता बंद करून. त्याने दाब वाढला. साडेअकराच्या सुमारास त्याने स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडलं. लाइपझिगमध्ये घडलं तेच इथे पुन्हा घडलं: वरून उत्तर नाही आणि निर्णय खालच्या माणसाच्या गळ्यात.

परिणाम

१ डिसेंबरला संसदेने पक्षाच्या नेतृत्वाचं कलम राज्यघटनेतून काढलं. पंतप्रधान हान्स मोड्रो राज्य सावरायला बघत होते, पण जानेवारी १९९० मध्ये रोज सुमारे दोन हजार लोक देश सोडत होते. मोर्चांतली घोषणाही बदलली होती: पश्चिम मार्क आला तर आम्ही इथे राहू, नाही आला तर आम्ही त्याच्याकडे जाऊ. १८ मार्चच्या पहिल्या मुक्त निवडणुकीत ९३ टक्क्यांहून अधिक मतदान झालं. कोल यांच्या पाठिंब्याची आघाडी ४८ टक्के मतांनी जिंकली. ज्यांनी शरदात रस्त्यावर जीव धोक्यात घातला त्या नागरी चळवळींच्या आघाडीला ३ टक्केही मिळाले नाहीत. या आकड्यापाशी मी दरवेळी थांबतो.

१ जुलैला पश्चिम मार्क आला. पगार आणि निवृत्तिवेतन एकास एक दराने बदललं, ठरावीक मर्यादेपर्यंतची बचतही तशीच, बाकीची दोनास एक. लोकांनी जल्लोष केला. कारखान्यांना मात्र एका रात्रीत जुन्या यंत्रांवर पश्चिमेच्या चलनात पगार द्यावे लागले, आणि पूर्वेकडच्या ग्राहक देशांकडे तो माल घ्यायला पश्चिम मार्क नव्हते. वर्षभरात औद्योगिक उत्पादन निम्म्याहून खाली गेलं. ३ ऑक्टोबर १९९० ला एकीकरण झालं. सरकारी उद्योग विकण्यासाठी नेमलेली ‘ट्रॉयहांड’ संस्था १९९४ अखेर अडीचशे अब्ज मार्कांहून अधिक तोटा मागे ठेवून बंद झाली. वोल्फेनचा फिल्म कारखानाही त्या लाटेत गेला.

वेगळं काय करता आलं असतं

१९७२ मध्ये ते ११ हजार छोटे उद्योग तसेच ठेवले असते तर? त्यांच्यामुळे पक्षाच्या सत्तेला काडीचाही धोका नव्हता. हंगेरीने छोट्या खासगी उद्योगाला जागा दिली आणि तिथली दुकानं ऐंशीच्या दशकात पूर्व जर्मनांना हेवा वाटावा अशी होती. या निर्णयाचा विचार करताना मला कुठलीच सबब सापडत नाही.

भावांचा प्रश्न जास्त कठीण. पोलंडने तीनदा भाव वाढवले आणि तीनदा पेट घेतला, म्हणून होनेकर यांची भीती निराधार म्हणता येत नाही. पण पोलंडमध्ये प्रत्येक वेळी भाववाढ अचानक, कुणाशी न बोलता लादली गेली. पगारवाढीची जोड देऊन, वर्षागणिक थोडी, हिशेब लोकांपुढे ठेवून केलेली वाढ कुणी करूनच पाहिली नाही. तसं करायला लोकांशी खरं बोलावं लागलं असतं आणि खरं बोलायला आधी आकडे छापावे लागले असते.

एप्रिल १९८८ मध्ये श्युरर यांचं ऐकलं असतं तर राज्य वाचलं असतं का? मला तसं वाटत नाही. गोर्बाचेव्ह यांनी रणगाडे न पाठवण्याचं ठरवल्यावर शेजारच्या श्रीमंत जर्मनीचं आकर्षण थोपवणं कुणालाच शक्य नव्हतं. पण अंत वेगळ्या गतीने आला असता. चिपमध्ये गेलेला पैसा यंत्रकारखान्यांत गेला असता, तर १९९० मध्ये लाखो माणसं जे कारखाने बंद होताना पाहत रस्त्यावर आली, त्यांतले काही तरी उभे राहिले असते.

आणि शेवटी त्या ४९ अब्जांबद्दल. झाकली मूठ सव्वा लाखाची, या न्यायाने राज्य वीस वर्षं चाललं. मूठ उघडली तेव्हा आत काय आहे हे उघडणाऱ्यांनाही नीट माहीत नव्हतं. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने १९९९ मध्ये जुने हिशेब तपासून काढलेला आकडा होता १९.९ अब्ज पश्चिम मार्क. शाल्क यांच्या गुप्त खात्याची गंगाजळी परदेशी बँकांमध्ये पडून होती आणि ती श्युरर यांच्या बेरजेत आलीच नव्हती. पॉलिटब्युरोने ३१ ऑक्टोबरला आपण बुडालो असं मानलं, क्रेन्झ तो आकडा घेऊन मॉस्कोला गेले, त्याच आकड्याच्या धास्तीने बॉनपुढे हात पसरला गेला. आणि तो अहवाल तयार करणाऱ्या पाच जणांत शाल्क स्वतः होते.